शून्य आरपीएमचे सुख

हैदराबादच्या मराठी मंडळींत मीटरकाका हुडकून काढायला वेळ लागत नाही. गणेशोत्सवातलं व्याख्यान संपतं, लोक चहाकडे वळतात आणि कोणीतरी विचारतं, "काय काका, कसं काय?" बाकीचे ज्येष्ठ गुडघ्यांचं सांगतात. मीटरकाका सांगतात, "काल 24.6 पडलं. एसी लावून, बरं का." विचारणारा मान डोलावतो आणि साबुदाणावड्याच्या रांगेत शिरतो. काका वाईट वाटून घेत नाहीत. रांगेत त्यांच्या पुढे कोण आहे ते बघून ठेवतात.

असे काका ए. एस. राव नगरात सापडतात, वनस्थलीपुरमला सापडतात, बीएचईएलच्या बाजूला तर गल्लीत एक तरी निघतोच. घडण साधारण एकच. आजोबा परभणी नाहीतर लातूरकडचे. मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते त्या काळात, म्हणजे 1956 च्या आधी, नोकरीसाठी इकडे आलेले. शिक्षण जांबागच्या विवेकवर्धिनीत, 1907 साली निघालेल्या त्या संस्थेत, पदवी उस्मानियाची, आणि नोकरी ईसीआयएलमध्ये. ही कंपनी 1967 ची. 1969 मध्ये तिने टीडीसी-12 हा देशी बनावटीचा संगणक काढला. काका नोकरीला लागले तोवर तो जुना झाला होता, पण त्याच्याबद्दल ते अजूनही आपल्या घरातलं थोरलं माणूस असावं तसं बोलतात. तीस-पस्तीस वर्षं ऑसिलोस्कोपसमोर काढलेल्या माणसाचं निवृत्तीनंतर सुडोकूवर भागत नाही. त्याला मोजायला काहीतरी लागतं.

ते 2022 मध्ये मिळालं. त्या वर्षी टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा आली आणि 'स्ट्राँग हायब्रिड', म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणारी गाडी, निदान चौकशी करण्याइतपत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. 2008 ची सिव्हिक हायब्रिड आणि 2010 ची प्रियस यांच्या किमती ऐकूनच काका शोरूमच्या काचेबाहेर थांबले होते. या नव्या गाड्यांच्या जाहिरातीत मायलेज होतं लिटरला 27.97 किलोमीटर. सत्तावीसला काका भुलले नसते. ते भुलले पॉइंट सत्त्याण्णवला. दोन दशांश स्थळांपर्यंत सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

तो खोटं बोलत नाही. फक्त तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, आखून दिलेल्या चक्रात काढलेला असतो. त्या चक्रात मेहदीपट्टणमचा चौक नसतो, उलट्या बाजूने येणारा ऑटो नसतो आणि "अहो, एसी वाढवा की जरा" म्हणणाऱ्या काकूही नसतात.

गाडी घरी आली आणि तिचा स्वतःचा पडदा काकांना पहिल्याच आठवड्यात खुपायला लागला. त्यावर बॅटरी, इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये रंगीत बाण पळतात. बाण कुठून कुठे जातोय ते कळतं, किती जातोय ते कळत नाही. बॅटरीचं तापमान नाही, इंजिनच्या पाण्याचं तापमान नाही, चार्ज टक्क्यांत नाही. काकांच्या मते ही बालवाडीची चित्रकथा आहे, आणि गाडी विकत घेणाऱ्याच्या वयाचा तरी कंपनीने विचार करायला हवा होता.

इथे काकांना स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीचा शोध लागतो. तिचं नाव ओबीडी. अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली, आपल्याकडे 2010 नंतर टप्प्याटप्प्याने आली. गॅरेजवाल्याने यंत्र लावावं आणि इंजिनचं दुखणं वाचावं, एवढ्यासाठी ती आहे. पण विचारलं तर ती कुणालाही उत्तर देते, आणि विचारत बसायला काकांना भरपूर वेळ आहे.

पहिली खरेदी अर्थातच कोठीच्या गुजराती गल्लीत. हैदराबादेत ट्रान्झिस्टर, केबल, डिश आणि आशा हे सगळं तिथेच घाऊक मिळतं. दुकानदार एक ब्लूटूथचा निळा ठोकळा पुढे करतो. "ये लगा लो साब, फोन में सब दिखता. गर्मी-वर्मी सब."

"हायब्रिड की बॅटरी का दिखता क्या?"

"हौ, क्यूँ नै दिखता?"

दिसत नाही. निदान काकांना हवं ते दिसत नाही. फोनवर रोलेक्सच्या तोंडात मारतील अशा तबकड्या तेवढ्या फिरतात. मग न्यू जर्सीच्या भाच्याला फोन जातो. परत येताना त्याच्या बॅगेत बदाम आणि परफ्यूमच्या जोडीला एक स्कॅनगेज असतो. शे-दीडशे डॉलरची ही वस्तू प्रियसवाल्या अमेरिकनांची जुनी लाडकी. एका वेळी चार आकडे दाखवणारी छोटी पट्टी, बाजूला बटणं, मागे एक वायर. दिसायला अगदी ऐंशीच्या दशकातली, म्हणून काकांना पाहताक्षणी आवडणारी.

बसवायला मेकॅनिक लागत नाही. खोबणीत प्लग घालायचा की झालं. पण ते 'झालं' आणि काकांचं 'झालं' यात एका रविवारचं अंतर आहे. काका ड्रायव्हरच्या पायांच्या जागेत उताणे, पाय पार्किंगमध्ये बाहेर, आणि काकू टॉर्च धरून उभ्या. शेजारचे रेड्डीगारू घाबरून विचारतात, "सार्, डॉक्टरला बोलावू का?" आतून आवाज येतो, "पिन सोळाला बारा व्होल्ट आहेत! गाडी बंद असतानाही!" वायर कुठून न्यायची यावर मात्र काकांचं ऐकावं. विंडस्क्रीनच्या कडेच्या खांबाच्या अस्तरामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. तिच्या पुढून वायर ओढली तर नको त्या क्षणी एअरबॅगबरोबर वायर आणि मीटरही तोंडावर येतात. भलेभले दुकानदार डॅशकॅमची वायर तशीच कोंबतात. काका ती डॅशबोर्डच्या खालच्या कडेने नेतात, दर चार इंचांवर बांधतात आणि एका चिठ्ठीवर तारीख लिहून आत चिकटवतात.

पहिल्या फेरीत मीटर तार्नाक्याच्या सिग्नलला मरतो. हिरवा दिवा लागल्यावर जागा होतो, हबशीगुड्याला पुन्हा मरतो. कारण अगदी सरळ आहे: हायब्रिडचं इंजिन थांबलं की साध्या मीटरला वाटतं गाडी बंद झाली, प्रवास संपला. कोठीला जाऊन आल्यावर काकांच्या खात्यावर एका प्रवासाऐवजी डझनभर बारीकसारीक प्रवास जमा झालेले. पुस्तिकेत शोधल्यावर कळलं, इंधनाच्या यादीत पेट्रोल आणि डिझेलच्या बरोबरीने 'हायब्रिड' हाही पर्याय आहे. तो निवडला, इंजिन 1.5 लिटर, टाकी 45 लिटर असं भरलं, आणि मीटरला झोप लागणं थांबलं. काकांची झोप मात्र इथून उडाली.

कारण आता कोड घालायचे होते. गाडीचे ठरावीक आकडे सगळ्या जगात एकाच पद्धतीने मिळतात. शून्य-पाच हा कोड म्हणजे पाण्याचं तापमान. उत्तर सोळाच्या पायात येतं, त्याचं साधं रूप करायचं आणि 40 वजा करायचे. 7बी आलं तर 123, म्हणजे 83 अंश. इंजिनच्या फेऱ्यांना दोन आकडे येतात; पहिला 256 ने गुणायचा, दुसरा मिळवायचा, चारने भागायचं. हे काका तोंडी करतात, शक्यतो पाहुण्यांसमोर. पण हायब्रिडच्या बॅटरीचे कोड कंपनीचे खासगी. कुणीतरी चिकाटीने उकललेल्या त्या लांबलचक ओळी दोन-तीन बटणं दाबून एकेक अक्षर करत आत ढकलायच्या: काय विचारायचं, उत्तर कुठे शोधायचं, त्यातला कुठला तुकडा घ्यायचा, कशाने गुणायचं-भागायचं, आणि शेवटी तीन अक्षरांत नाव. एक शून्य चुकलं की बॅटरीचं तापमान उणे 40 दिसतं, तेही हैदराबादच्या मे महिन्यात. काका अंगणात दिवा लावून गाडीत बसलेले, मांडीवर शंभर पानी वही. काकू वरून विचारतात, "जेवायला येताय की डबा खाली पाठवू?"

चार आकडे ठरले: इंजिनच्या फेऱ्या, पाण्याचं तापमान, बॅटरीचं तापमान आणि चार्ज. मग सुरू झालं साधकाचं जीवन.

पहिल्या पायरीवर साधक शून्याच्या मागे लागतो. गाडी पन्नासच्या वेगाने जातेय आणि मीटरवर आरपीएम शून्य! जुबिली हिल्सच्या उतारावर काका ब्रेकवर पाय असा ठेवतात की पावलाखाली अंडं असावं. चार्ज 58, 59, 60. मागे हॉर्नचा ओरडा. काकूंना मंदिरात वेळेवर पोचायचं असतं, काकांना साठावर. चार्ज सहसा चाळीस ते ऐंशीच्या पट्ट्यातच फिरतो. बॅटरी टिकावी म्हणून गाडीच तिला त्याबाहेर जाऊ देत नाही, आणि पडद्यावर सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात तेव्हाही आत शंभर नसतात. हे गुपित कळलेली माणसं जगात थोडी आहेत, आणि त्यातल्या एकाला ते पोटात ठेवता येत नाही.

दुसऱ्या पायरीवर विरक्ती येते. एके दिवशी वहीतल्या बेरजा पाहून काकांच्या लक्षात येतं की शून्यासाठी जीव टाकलेल्या दिवशी मायलेज उलट कमीच पडलंय. ही गाडी घरच्या प्लगला लागत नाही; ब्रेकमधून परत मिळते तेवढी सोडली तर बॅटरीतली सगळी वीज टाकीतल्या पेट्रोलचीच. इंजिनातून बॅटरीत आणि बॅटरीतून मोटरमध्ये जाताना तिच्यातली काही वाटेत सांडते. म्हणजे शून्य फुकट नव्हतं, उधारीवरचं होतं. तिथून पुढे काका इंजिनला जरा दमदार चालू देतात आणि मग पाय उचलून गाडीला वाहू देतात. काकूंच्या मते या प्रगतीचा एकच परिणाम: आधी नुसतंच पोचायला उशीर व्हायचा, आता मळमळतंही.

पेट्रोल भरण्याचा सोहळा वेगळाच. नोझल आपोआप बंद पडल्यावर पोराने आणखी एक थेंब घातलेला काकांना चालत नाही; मीटरला लिटरचा खरा आकडा द्यावा लागतो, तरच त्याची दुरुस्ती बरोबर होते. तेलंगणात पेट्रोलवर 35.2 टक्के व्हॅट, लिटर 107 रुपयांच्या वर. म्हणून सोलापूरला जाताना काका जहीराबाद ओलांडून कर्नाटकात हुमनाबादला टाकी भरतात, तीन-चार रुपये कमी पडतात म्हणून. तिथवर पोचायला टाकी रिकामी हवी, या हिशोबाने ते हैदराबादहून निघतात आणि शेवटचे वीस किलोमीटर गाडीत कोणी बोलत नाही.

सुनेने एकदा हिशोब मांडला. वर्षाला आठ हजार किलोमीटर, मायलेज 22 चं 24 झालं, तर वाचतात तीस लिटर, म्हणजे सव्वातीन हजार रुपये. मीटरचे पैसे वसूल व्हायला चारेक वर्षं. काकांनी कागद शांतपणे वाचला आणि तिने 30.3 लिटरचे तीस का केले, एवढंच विचारलं.

मधल्या काळात एकदा गाडीने दगाही दिला. काका-काकू रेल्वेने लातूरला लग्नाला गेले, आणि गुजराती गल्लीतला तो निळा ठोकळा खोबणीत तसाच राहिला. परत आल्यावर गाडी ढिम्म. 177 व्होल्टची मोठी बॅटरी ठणठणीत होती, पण तिला जागं करणारा संगणक साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि ती ठोकळ्याने पिऊन टाकली होती. काकूंनी ओला बोलावली. काकांना दुःख नव्हतं. पिन सोळाबद्दल त्यांनी पार्किंगमधून आधीच जाहीर केलं होतं.

आता मुलगा म्हणतो, बाबा, विजेची गाडी घ्या. 18 नोव्हेंबर 2024 पासून तेलंगणात विजेच्या गाड्यांना रोड टॅक्स माफ आहे, 31 डिसेंबर 2026 पर्यंत. काका टेस्ट ड्राइव्हला गेले ते मीटर खिशात घेऊनच. सेल्समन रेंज सांगत होता, काका स्टिअरिंगखाली वाकून खोबणी शोधत होते. सापडली. मीटर लावला. फेऱ्या नाहीत, पाणी नाही, ठरावीक प्रश्नांपैकी एकालाही उत्तर नाही. पट्टीवर नुसत्या रेघा.

"सर, इसमें वो सब नहीं आता," सेल्समन कानकोंडा होऊन म्हणाला. "इसका कोड किसी के पास नहीं."

काकांनी चष्मा पुसला. "बुकिंग कितना है?"