हरणाऱ्या फौजेत भरती

स्टॉर्मट्रूपरला बसता येत नाही. ‘स्टार वॉर्स’मध्ये खलनायकी साम्राज्याच्या या शिपायाला पाहताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण पडद्यावर त्याला बसायला फुरसतच नसते. धावायचं, गोळीबार करायचा आणि कोलमडून पडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याचं पांढरं चिलखत कुणी स्वतःच्या अंगावर चढवलं की पहिल्या पाच मिनिटांत हे सत्य उमगतं. मांडीवरच्या नळकांड्याची वरची कड जांघेत रुतते, पोटरीवरच्याची गुडघ्यामागे, आणि बुडावरची पट्टी पाठीच्या तुकड्याशी भांडायला लागते. सराईत मंडळी उंच स्टुलाच्या काठाला नुसती टेकतात आणि त्यालाच विश्रांती म्हणतात.

हे सगळं माणूस हौसेनं, स्वखर्चानं आणि सुट्टीच्या दिवशी करतो.

या वेडाला शिस्त लावली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या आल्बिन जॉन्सन यांनी. १९९७ साली, ‘स्टार वॉर्स’ नव्या झिलईसह पुन्हा चित्रपटगृहांत आला त्या वर्षी, त्यांनी आणि टॉम क्रूज यांनी (हे वेगळे, विमानाला लोंबकळणारे नव्हेत) ‘फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन’, म्हणजे ५०१ वी फौज, नावाची संघटना सुरू केली. काही वर्षांपूर्वी मोटार अपघातात जॉन्सन यांचा एक पाय गेला होता आणि कृत्रिम पाय बसवला होता. चिलखतात मात्र सगळ्यांचेच दोन्ही पाय सारखे अवघडतात, त्यामुळे तिथं फरक करायला कुणाला जागा उरत नाही. पुढं ही फौज देशोदेशी पसरली. भरतीच्या अटी मोजक्या: वय अठराच्या पुढे हवं, पोशाख स्वतःचा हवा, तो पडद्यावरच्याशी हुबेहूब हवा आणि तो खलपक्षाचा हवा. नायकांच्या बाजूच्या लोकांसाठी ‘रिबेल लीजन’ ही वेगळी संघटना आहे. दोन्ही हजेरीपटांवर नावं असलेली माणसं पुष्कळ सापडतात. शनिवारी जुलूम, रविवारी बंड.

आता हुबेहूब म्हणजे कशाशी हुबेहूब? खरी मौज इथं सुरू होते.

मूळ चिलखतं १९७६ साली इंग्लंडमध्ये घाईघाईत बनली. वेशभूषाकार जॉन मोलो हे लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे जाणकार होते आणि या कामासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. चिलखताचे मूळ आकार ब्रायन म्युअर या शिल्पकारानं घडवले, आणि टोपांचं प्लास्टिक ट्विकनहॅमच्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी ओढून काढलं: प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा खेचून घ्यायची. चित्रीकरणाचे काही आठवडे टिकलं म्हणजे झालं, असा सगळा हिशेब. त्यामुळे टोपाच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. गालांवरचे पट्टे ब्रशनं हातानं ओढलेले. पट्टे निळे होते, पण पडद्यावर ते काळेच भासतात.

आजचा हौशी कारागीर संगणकाच्या मदतीनं तोच तिरपेपणा पुन्हा घडवतो. टोप सरळ आणि समप्रमाण निघाला तर तो फसला! गालांवरच्या पट्ट्यांना नुसता निळा रंग चालत नाही; हम्ब्रॉल कंपनीचा १४ क्रमांकाचा ‘फ्रेंच ब्लू’ लागतो. कानाशी स्क्रू किती, जबड्याच्या जाळीत दात किती कापायचे, डाव्या गुडघ्यावरची जादा पट्टी कशी बसवायची, या सगळ्याचं छायाचित्रांसह नियमपुस्तक आहे. ते जमलं की प्राथमिक मान्यता. आणखी बारकावे साधले की वरची पायरी, आणि सर्वांत वर ‘सेंच्युरियन’. कुण्या रंगाऱ्यानं १९७६ साली जेवणाच्या सुट्टीआधी उरकलेल्या रेघा इतक्या श्रद्धेनं गिरवल्या जातील, हे त्याला तेव्हा कळलं असतं तर त्यानं बहुधा मजुरी वाढवून मागितली असती.

या टोपाचं प्रकरण कोर्टातही गेलं. एन्सवर्थ यांनी २००४ च्या सुमारास जुन्या साच्यांच्या आधारे टोप बनवून विकायला सुरुवात केली. चित्रपट बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीनं अमेरिकेत दावा लावला आणि २००६ मध्ये २ कोटी डॉलरचा निकाल मिळवला. एन्सवर्थ इंग्लंडमध्ये, त्यामुळे वसुलीसाठी खटला तिथं आला. प्रश्न उभा राहिला तो असा: टोप हे शिल्प आहे का? शिल्प असेल तर कॉपीराइट दीर्घकाळ टिकतो, नसेल तर इंग्लंडमध्ये तो केव्हाच संपला. २००८ मध्ये न्यायमूर्ती मान यांनी शिल्प म्हणजे काय याचा गंभीरपणे ऊहापोह केला. संग्रहालयात मांडलेला विटांचा ढीग शिल्प ठरू शकतो, आणि तोच ढीग बांधकामासाठी स्वतःच्या दारात टाकला तर ठरत नाही, असा दाखला त्यांनी दिला. (दारात विटा पडलेल्या कुठल्याही गृहिणीनं हे न्यायालयाची फी न घेता सांगितलं असतं.) अखेर २७ जुलै २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला: टोप शिल्प नव्हे, ते चित्रपट बनवण्यासाठीचं उपयोगी सामान आहे. अमेरिकेतल्या विक्रीबद्दल मात्र इंग्लंडच्या कोर्टात दाद मागता येईल, असंही त्यांनी सांगून ठेवलं, म्हणजे पूर्ण आनंद कुणालाच झाला नाही.

उपयोगी म्हणावं, तर त्या टोपातून धड दिसतही नाही. चित्रपटात नायक ल्यूक स्कायवॉकर हा टोप घालतो आणि लगेच काही दिसत नसल्याची तक्रार करतो. ती पटकथेतली कमी आणि अनुभवातली जास्त वाटते. आणखी एका प्रसंगात शिपाई दारातून आत घुसतात आणि त्यांतल्या एकाचं डोकं चौकटीवर आपटतं. चूक तशीच राहिली, आणि २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत तर ती झाकायचं सोडून तिला ‘ठक्क’ असा आवाजही जोडण्यात आला.

हत्याराची कहाणी याहून सुरस. स्टॉर्मट्रूपरच्या हातातली भविष्यातली बंदूक म्हणजे ब्रिटिश सैन्याची खरीखुरी स्टर्लिंग सबमशीनगन. तिच्यावर रणगाड्याची जुनी दुर्बीण ठोकली, नळीभोवती प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या, की झाली लेझरची बंदूक. हीच स्टर्लिंग भारतात कानपूरच्या शस्त्रनिर्माणीत ‘कार्बाइन १ए१’ या नावानं वर्षानुवर्षं बनली आणि आपल्याकडच्या कित्येक पोलीस बंदोबस्तांत दिसली. तेव्हा डेथ स्टार या साम्राज्याच्या अंतराळतळावरचा पहारेकरी आणि बंदोबस्तावरचा हवालदार शस्त्राच्या बाबतीत भाऊबंद निघतात. इतकं अस्सल हत्यार हातात असूनही साम्राज्याच्या शिपायांचा नेम का लागत नाही, यावर चाहत्यांनी रात्री जागवल्या आहेत. ल्यूकची प्रकाशतलवार तर ग्राफलेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची मूठ आहे. हे कळल्यावर चाहत्यांनी त्या मुठी हुडकून हुडकून विकत घेतल्या. भाव चढले आणि जुन्या कॅमेऱ्यांचे संग्राहक हळहळत बसले.

कारागिरीचा आरंभ दारात आलेल्या एका भल्यामोठ्या तपकिरी खोक्यानं होतो. हौशी लोक या दिवसाला सणाचा मान देतात. खोक्यात पोशाख नसतोच. पांढऱ्या एबीएस प्लास्टिकचे ओबडधोबड तुकडे असतात, कडांना जादा प्लास्टिकची झालर लागलेली. कुठं कापायचं याच्या खुणा पुसट, आणि एकदा कापलेलं परत जोडता येत नाही. प्रत्येक हात, प्रत्येक पाय पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा अशा जोडीनं येतो. त्या अर्ध्यांची सांधणी करायला ‘ई-६०००’ नावाचा गोंद वापरतात. तो धड वाळायला एक दिवस घेतो, कधी दोन. तोवर तुकडे चिमट्यांनी आणि लोहचुंबकांनी घट्ट धरून ठेवायचे. म्हणजे एका संध्याकाळी जेमतेम एक-दोन सांधे होतात, आणि जेवणाच्या टेबलावर कित्येक महिने कुणाची तरी मांडी वाळत पडलेली असते. वाकवायचा तुकडा कढत पाण्यात बुडवतात. त्यासाठी घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं गायब होतं.

त्यात मापाची अडचण. मूळ चिलखतं १९७६ सालच्या सडपातळ स्टंटवाल्यांच्या अंगाची, आणि घालणारा चाळिशीतला, बैठ्या नोकरीचा. मग बगलेत जोडपट्ट्या घालून घेर वाढवायचा किंवा स्वतःचा घेर कमी करायचा. पहिला मार्ग बहुसंख्यांचा. उंचीवरूनही टोमणे बसतात, आणि ती परंपरा खुद्द चित्रपटानं घालून दिली आहे: तुरुंगात सोडवायला आलेल्या ल्यूकला राजकन्या लेया आधी त्याच्या बुटकेपणाबद्दलच विचारते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. या सोंगाला तर पैसाही खराच लागतो: प्लास्टिक, टोप, बूट, काळा अंगरखा, बंदूक धरून बेरीज सहज हजार डॉलरांच्या आसपास जाते.

चिलखत चढवणं एकट्याचं काम नव्हे. पाठीमागची बटणं दुसऱ्यानं लावायची, खांद्याचे पट्टे दुसऱ्यानं ओढायचे. एकदा टोप डोक्यावर गेला की स्वतःचे पाय दिसत नाहीत, कमरेएवढी पोरं दिसत नाहीत, जिन्याच्या पायऱ्या तर अजिबातच नाहीत. म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर साध्या कपड्यांतला एक मदतनीस असतो. नवरदेवामागे करवली असते तसा तो सावलीसारखा फिरतो: पाणी नळीनं पाजतो, घाम टिपतो, मागून येणाऱ्या पोरांना लाथ मारण्यापासून परावृत्त करतो. चिलखत कातडीला चिमटे काढतं. टोपात छोटे पंखे बसवावे लागतात, नाहीतर श्वासाच्या वाफेनं चष्मा आंधळा होतो. शौचालयाचा विषय ही मंडळी कार्यक्रमाच्या आधीच संपवून येतात, आणि पाहुण्यांनीही तो काढू नये हे बरं.

टोपाच्या आतून ऐकूही कमीच येतं, आणि त्याचे परिणाम दरवेळी हसण्यासारखे नसतात. ४ मे हा चाहत्यांचा ‘स्टार वॉर्स’ दिवस. २०२० साली त्याच दिवशी कॅनडातल्या लेथब्रिजमध्ये एका उपाहारगृहाची कर्मचारी या वेशात खेळण्यातली बंदूक घेऊन गिऱ्हाइकं बोलवायला रस्त्यावर उभी होती. कुणीतरी पोलिसांना कळवलं. बंदूक खाली टाकून जमिनीवर पडायचा हुकूम झाला. बंदूक टाकणं सोपं होतं, पण चिलखतात झटकन गुडघे टेकवणार कसे? त्या झटापटीत तिच्या नाकातून रक्त आलं. पुढं पोलिसांच्या वागण्याची चौकशी बसली.

उलट ऑस्ट्रेलियात याच प्लास्टिकनं एकाचा बचाव केला. स्कॉट लॉक्सली या गृहस्थांनी मेलबर्नच्या लहान मुलांच्या रुग्णालयासाठी पैसे उभे करायला अख्ख्या ऑस्ट्रेलियाला पायी वळसा घालायचं ठरवलं, आणि तेही स्टॉर्मट्रूपरच्या वेशात. २०१३ च्या अखेरीस निघालेले ते २०१५ मध्ये परतले. वाटेत एका विषारी ‘किंग ब्राउन’ सापानं त्यांच्या पायावर झडप घातली, आणि दात नडगीवरच्या पट्टीवर घसरले. चित्रपटात हे चिलखत लेझर अडवत नाही, दगड अडवत नाही, पुढच्या एका भागात तर अस्वलाच्या पिल्लाएवढ्या ईवॉकांनी मारलेली काठीही अडवत नाही. साप मात्र अडवला.

पैशाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं: कार्यक्रमाला येण्याबद्दल लीजन स्वतःसाठी मानधन घेत नाही, द्यायचंच असेल तर धर्मादाय कामाला द्या, असं सांगते. रुग्णालयांत आजारी मुलांना भेटणं हे तिचं नेहमीचं काम. जॉन्सन यांच्या केटी या लहान मुलीला मेंदूचा कर्करोग झाला, तेव्हा तिला आपली राखण करायला आर२-डी२ सारखा यंत्रमानव हवा होता. तसे यंत्रमानव हौसेनं बांधणाऱ्यांनी तिच्यासाठी गुलाबी रंगाचा एक घडवला आणि त्याला तिच्या नावावरून आर२-केटी म्हटलं. ती २००५ मध्ये गेली. यंत्रमानव रुग्णालयांच्या फेऱ्या करत राहिला, आणि २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये क्षणभर दिसतोही.

नकलेनं अस्सलात शिरण्याचा हा एकच प्रसंग नव्हे. टिमथी झान या लेखकानं २००४ च्या कादंबरीत स्टॉर्मट्रूपरांच्या एका तुकडीला ५०१ हा क्रमांक दिला, आणि पुढं ती खलनायक डार्थ व्हेडरची खास तुकडी म्हणून अधिकृत कथानकात रुळली. १ जानेवारी २००७ रोजी पॅसाडिनाच्या रोझ परेडचे मानकरी ‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकास होते. त्यांच्या मिरवणुकीत हीच हौशी फौज कित्येक मैल कवायत करत चालली. त्या दिवशी तरी बसता न येण्याची तक्रार कुणाला करता आली नसेल.

मग २०१९ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्याच जगातली ‘द मँडलोरियन’ मालिका आली. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागांसाठी साम्राज्याची मोठी पलटण उभी करायची होती, आणि निर्मात्यांकडची चिलखतं पुरेनात. तेव्हा त्यांनी लीजनला निरोप धाडला. मंडळी आपापली खोकी घेऊन आली. काय चाललंय हे कुणाला सांगायचं नाही, या अटीवर. अनेक वर्षं कडा घासून तयार ठेवलेले ते पांढरे शिपाई खऱ्या कॅमेऱ्यासमोर रांगेत उभे राहिले. गोष्टीत त्यांचं जे व्हायचं तेच झालं. त्यांतल्या एका तुकडीला तर एका यंत्रमानवानं स्वतःसकट उडवून दिलं. आणि त्याच शेवटच्या भागाच्या सुरुवातीला साम्राज्याचे दोन स्काउट ट्रूपर वेळ घालवायला जमिनीवर पडलेल्या एका भंगाराच्या तुकड्यावर पाळीपाळीनं गोळ्या झाडत बसतात. तुकडा चार पावलांवर असतो. दोघांपैकी एकालाही तो लागत नाही, आणि मग एक जण बंदुकीतच काहीतरी बिघाड असावा अशा थाटात ती हलवून पाहतो.