चिरंजीवांची फोडणी

घरात स्वयंपाकघर नावाची खोली आहे हे चिरंजीवांना ठाऊक होतं, कारण फ्रिज तिथे होता. फ्रिजच्या पलीकडे त्यांचं कधी काही काम पडलं नाही. मग एमएससाठी जर्मनीत आखेनला प्रवेश मिळाला, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरून झाले आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती पडणार हे कळलं. भाड्याशी आणि विम्याशी हुज्जत घालता येत नाही. उरलं पोट.

हे चिरंजीव कुणा एका घरचे नाहीत. सांगली, नाशिक, डोंबिवली, कुठल्याही सोसायटीतून एखादा तरी गेलेला असतो आणि सगळ्यांची बॅग आतून सारखीच असते: गोडा मसाला, मेतकूट, तीन लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणं. साजूक तूप मात्र मागे राहतं, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधामांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ‘तूप म्हणजे काय दूध आहे का?’ हा आईचा सवाल. त्याला ब्रसेल्सकडेही उत्तर नसावं.

सुरुवातीचे दिवस गुणाकारात जातात. हातात घेतलेली प्रत्येक भाजी शंभराने गुणायची आणि परत जागेवर ठेवायची. ज्याच्या आईने आयुष्यभर भाजीवालीकडून कोथिंबिरीच्या चार काड्या हक्काने फुकट घेतल्या, त्याला ती इथे कुंडीसकट विकत घ्यावी लागते. घासाघीस करावी तर कुणाशी? काउंटरवरच्या बाई सामान इतक्या झपाट्याने सरकवतात की पिशवीचं तोंड उघडेपर्यंत टोमॅटोंवर बटाटे येऊन पडलेले असतात. शिवाय आपल्या सामानामागे पट्ट्यावर आडवी दांडी ठेवायची असते. ती विसरली, तर मागच्या आजींच्या मांजराचा खाऊ आपल्या बिलात येतो.

रविवारी दुकानं बंद असतात, हे चिरंजीवांनी वाचलेलं असतं. पटतं ते घरात कांदा नसलेल्या पहिल्या रविवारी. त्यातल्या त्यात आखेनवाले नशीबवान. सिटी बसने हद्द ओलांडून हॉलंडातल्या फाल्सला गेलं की दुकान उघडं मिळतं. कांद्यासाठी देश ओलांडल्याची हकिगत पुढे प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागते.

खरी परीक्षा पोळीची. दुकानात पिठाच्या पुड्यांवर आकडे: ४०५, ५५०, १०५०. चिरंजीव स्वस्तातलं ४०५ आणतात. तो निघतो मैदा, आणि पोळी निघते रबरी. मग आईला व्हिडिओ कॉल. जर्मनीत रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा; पण आई पहिल्या रिंगला उचलते.

‘पाणी किती घालू?’

‘अंदाजाने घाल.’

‘अगं, अंदाजाने म्हणजे किती मिलिलिटर?’

‘पीठ मागेल तेवढं!’

मागणाऱ्या पिठाशी कसं बोलायचं, हे इंजिनिअरिंगच्या कुठल्याच सेमिस्टरला शिकवलेलं नसतं. चिरंजीव डिजिटल वजनकाटा आणतात. शोध घेता घेता त्या आकड्यांचं मर्मही उलगडतं: शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर मागे जितके मिलिग्रॅम राख उरते, तो आकडा. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त, म्हणून पोळीला १०५० बरं. हा शोध ते आईला रात्री बारा वाजता ऐकवतात. आई म्हणते, ‘जाळून राख किती उरते ते मी तुझ्या पहिल्या पोळीच्या वेळीच बघितलंय. झोप आता.’

फोडणीचा इतिहास याहून स्फोटक आहे. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म कोकलतो, वसतिगृहाचा अख्खा मजला जिन्यात जमतो आणि जानेवारीत खिडक्या सताड उघडून चिरंजीव टॉवेलने धूर हाकत बसतात. शेजारचा जर्मन मुलगा पाव, चीज आणि काकडी असं थंड जेवण दहा मिनिटांत उरकतो. एका आमटीसाठी दीड तास झटणाऱ्या माणसाकडे तो सहानुभूतीने बघतो. पुढे आमटीचा वास ओळखीचा झाला की पाव घेऊन बरोब्बर वेळेवर हजर होतो.

वर्ष सरता सरता चिरंजीव पार बदलतात. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आता पोत्यात साठतात, कारण यंत्रात टाकली की बाटलीमागे पंचवीस सेंट परत मिळतात. दर आठवड्याच्या ऑफर तोंडपाठ. भेंडी तुर्की दुकानातलीच, तीही टोक मोडून बघितल्यावर. लोणी कढवून तूप घरी होतं. पाडव्याला क्वार्क आणून त्याचं श्रीखंड होतं, आणि ते चक्क्यापेक्षा सरस असल्याचं प्रतिपादनही होतं. एकादशीला कच्चे शेंगदाणे मिळाले नाहीत, तर खारे दाणे धुऊन, वाळवून, पुन्हा भाजून कूट करण्याचा गृहस्थांचा आग्रह असतो. उपास धरणारं त्यांच्या खोलीत कुणीच नसतं.

मग ते गुरू होतात. नव्याने आलेल्या ज्युनिअरला कुकरची शिट्टी, १०५० नंबरचं पीठ आणि अलार्मपासून तवा किती अंतरावर हवा, यावर व्याख्यान मिळतं. ‘आईला रात्री फोन करू नकोस, तिची झोप मोडते,’ असंही वर बजावतात.

आणि दिवाळीला घरी आले की जेवणाच्या टेबलाशी बसून आईच्याच आमटीवर टिप्पणी सुरू होते. हिंग जरा लवकर पडला. डाळ अजून घोटायला हवी होती. कणकेला विश्रांती कमी मिळाली. बाबा पेपरमागून मान डोलावतात. आयुष्यात पहिल्यांदाच घरात कुणीतरी त्यांच्या मनातलं बोलत असतं. आई सगळं शांतपणे ऐकून घेते आणि लाटणं पुढे करते. ‘ये मग. आज तूच चार लाट.’

चिरंजीवांना त्याच क्षणी जेट लॅग जाणवायला लागतो.