आमचं आंतरराष्ट्रीय सुवर्ण काळं पडलं, साहेब

मा. महासचिव साहेब,
(अखिल भारतीय, दक्षिण आशियाई, आणि लेटरहेडवर जागा उरली असती तर जागतिक)



पत्र खुलं लिहितोय, कारण पाकीट टाकायला तुमचा पत्ता सापडला नाही. स्पर्धेच्या फीच्या पावतीवर छापलेल्या जागी सध्या झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानदाराकडे तुमच्या नावाची पत्रं आधीच साठली आहेत.

आम्ही जळगावच्या सागर पार्कवर सकाळी व्हॉलीबॉल खेळणारी मंडळी. कोणाचं कापडाचं दुकान, कोणी विमा एजंट, कोणी निवृत्तीला टेकलेले सर. उडी मारण्याआधी गुडघ्याची परवानगी घेणारे. अशा संघात तुम्हाला ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ दिसला, ही नजर साधी नव्हे. शनिवार-रविवारची स्पर्धा, नेपाळातलं पोखरा, माणशी साडेतेरा हजार; प्रवास, मुक्काम, जेवण, ट्रॅकसूट आणि पदक, सगळं त्यात. पदक पॅकेजमध्येच होतं हे तुम्ही लपवलं नाही, एवढा प्रामाणिकपणा नोंदवून ठेवतो.

दोन दिवसांच्या स्पर्धेला आठवडा लागला, पण त्याची तक्रार नाही. भुसावळहून गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमा ओलांडून पुन्हा बस, आणि मग पोखऱ्यापर्यंत घाटच घाट. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गोरखपूरलाच संपली. तक्रार आहे ती आमच्या आबांच्या पासपोर्टची. ‘फॉरेन टूर आहे, पासपोर्ट काढून ठेवा’ असं तुम्ही सांगितलंत. आबांनी 1,500 रुपये भरून, पोलीस पडताळणीला दोनदा चहा पाजून तो काढला. सोनौलीच्या कमानीखालून आम्ही बाजाराला निघाल्यासारखे चालत पलीकडे गेलो. कोणी काही विचारलं नाही. आबा मुद्दाम मागे फिरून इमिग्रेशनच्या खिडकीशी गेले आणि पासपोर्ट पुढे करून म्हणाले, ‘साहब, एक ठप्पा मारो ना.’ आतला माणूस हसला. भारतीयांना व्हिसा नाही, शिक्का नाही. 1950 च्या करारापासून ये-जा मोकळी आहे. मतदार ओळखपत्र खिशात असलं तरी पुरे. आबांचा पासपोर्ट अजून कोरा करकरीत आहे. घरी कोणी परदेशवारीचा पुरावा मागितला की ते ट्रॅकसूट दाखवतात.

आता स्पर्धेकडे येतो. पहिला सामना सकाळी आठचा होता. आम्ही आपल्या घड्याळाने पाच मिनिटं आधी मैदानावर हजर. तुमचे पंच शिट्टी खिशात घालून परत निघालेले. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर पंधरा मिनिटं पुढे असतं. जगात अशी पाव तासाची गंमत करणारे देश मोजकेच, आणि तुम्ही नेमका तोच शोधलात. माहितीपत्रकावर तुमचे सहा फोटो होते. वेळेबद्दल एक ओळ मावली असती. प्रतिस्पर्ध्याला वॉकओव्हर मिळाला.

प्रतिस्पर्धी कोण, तर धुळे! गरुड मैदानावरची मंडळी, हातात चहाचे कप, बाकावर बसलेली. एक जण ओरडला, ‘काय भो, तुम्हीबी का?’ एरंडोल-पारोळा करत गेलं तर धुळं जळगावपासून दोन तासांवर आहे, साहेब. तिथल्या माणसांशी न खेळता हरायला तुम्ही आम्हाला हिमालय दाखवलात. ‘यजमान नेपाळ’ संघात आमच्या हॉटेलचा वेटर होता. तो चांगला खेळला. सगळ्या स्पर्धेत खरा स्मॅश त्याचाच. पण पाचला त्याला कांदा चिरायला जायचं होतं, म्हणून यजमान देशाने चौथा सेट सोडून दिला.

विजेत्या धुळ्याला तुम्ही जाहीर केलेले रोख 16,000 मिळाले. कोणत्या देशाचे रुपये, हे पत्रकात नव्हतं. आपले 100 म्हणजे तिकडचे 160, हा दर कैक वर्षं पक्का आहे. म्हणजे झाले 10,000. फी भारतीय, बक्षीस नेपाळी. या एका युक्तीसाठी तुम्हाला खरंच पदक द्यायला हवं, तेही पॅकेजबाहेरचं. बाकी सुवर्ण सगळ्यांनाच मिळालं: जिंकलेल्यांना, हरलेल्यांना, उशिरा आलेल्यांना. माझं पदक जळगावच्या उन्हाळ्यात घाम लागून काळं पडलं. चौकातल्या फ्लेक्सवर मात्र ते अजून चमकतंय.

इथवर आमचं ठीक आहे. आम्ही मोठी माणसं, फेवा तालात बोटीत बसलो, फोटो काढले, हसलो. पण त्याच बसमध्ये मागे पारोळ्याकडची सतरा वर्षांखालची पोरं होती. त्यांच्या बापांना तुम्ही बैठकीत खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितलीत: 1952, हेलसिंकी, गावाची वर्गणी, घर गहाण टाकणारे प्राचार्य खर्डेकर. गोष्ट खरी आहे. तुम्ही गाळलेला भाग एवढाच, की खाशाबा तिथे कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून कांस्यपदकापर्यंत पोचले. साताऱ्याच्या मल्लाला वॉकओव्हर देऊन नव्हे. ती गोष्ट ऐकून एका बापाने भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस खेडा खरेदीत मिळेल त्या भावाने देऊन टाकला. पोरगा परतीच्या गाडीत प्रमाणपत्र दोन वह्यांच्या मध्ये ठेवून मांडीवर घेऊन बसला होता. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण असतं, हे त्याला पाठ. ते प्रमाणपत्र नाशिकला विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात पडताळणीला जातं आणि तिथे पहिला प्रश्न ‘संघटना मान्यताप्राप्त आहे का’ हा असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. तुम्हाला ते चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर प्रमाणपत्रावर तुमची सही ओळखू येत नाही.

काल तुमचा नवा मेसेज आला: ‘इंडो-भूतान, जागा मर्यादित.’ आमच्या जागा भरू नका. त्या पोरांची फी मात्र महिनाअखेर त्यांच्या बापांच्या खात्यात, भारतीय रुपयांत, पोचती करा. पावत्या गोळा करायचं काम आबांनी घेतलंय, त्यांना आता वेळ आहे. पुढचं पत्र खुलं नसेल. ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या आवक नोंदवहीत चढवून, एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पाठवू.

आपला,
एक आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेता (सामने खेळले: शून्य)
जळगाव