कंठात रुद्र आणि नारळ

कलशात अख्खं ब्रह्मांड मावतं, असं शास्त्र सांगतं. नारळ मात्र त्यात मावू नये, एवढी साधी अपेक्षा असते. त्यानं वर बसायचं. आमच्या घटात नेमकं उलटं झालं, आणि तेही मी सोसायटीच्या मंडळात कलशाच्या प्रतीकांवर भाषण ठोकून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आमच्या नागपूरजवळच्या वाडीत अमरावती रोडला ट्रान्सपोर्टच्या गोदामांपुढं ट्रकांच्या रांगा लागलेल्या असतात. तिथं असल्या विषयाला श्रोते मिळणं कठीण. पण आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी जो सापडेल तो श्रोता. मी सांगितलं, कलशाच्या मुखाशी विष्णू, कंठात रुद्र, बुडाशी ब्रह्मा, मधे मातृगण. पोटात सागर, सप्तद्वीपा पृथ्वी आणि चारी वेद. लोक माना डोलावत होते. नजरा साबुदाण्याच्या पातेल्याकडे होत्या, तो भाग वेगळा.

नळाच्या पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी या साती नद्या कशा येणार, हाही प्रश्न मी परस्पर सोडवला. म्हटलं, आपल्या शेजारच्या लाव्याच्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते. ती अंबाझरी तलावातून नागपूर शहरात शिरते, पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा एक होऊन प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. म्हणजे सातांतल्या एका नदीची सुरुवात आपल्या घरामागं आहे! टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आई म्हणाली, “नाग नदीचं पाणी घटात घातलं असतं ना, तर देवी उठून गेली असती.”

घट यंदा मी बसवला होता, कारण आईचे गुडघे वाकत नाहीत आणि बायकोनं “तुम्हालाच लय माहिती आहे ना!” एवढं बोलून विषय संपवला होता. आई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. काळी माती आणली, त्यात गहू पेरला, मधोमध आजोबांचं नाव कोरलेला तांब्याचा कलश ठेवला. पाणी, गंध, अक्षता, दूर्वा, सुपारी. नाणं टाकताना आई सवयीनं “सव्वा रुपया” म्हणाली. पंचवीस पैशांचं नाणं 30 जून 2011 पासून चलनातूनच गेलंय, तेव्हा वरचा ‘सव्वा’ आता फक्त पूजा सांगणाऱ्यांच्या तोंडी उरलाय, असं मी समजावू लागलो. “मग दोन टाक आणि गप बस,” असा निकाल आला.

शास्त्रात पंचपल्लव म्हणजे वड, पिंपळ, उंबर, आंबा आणि प्लक्ष. मला आंब्याचीच पानं मिळाली. तीही शेजारच्या झाडाची, मालक ड्यूटीवर गेल्यावर. राहिला नारळ. तो इथं पिकत नाही, दक्षिणेतून ट्रकनं येतो, आणि नवरात्रात त्याचा भाव विचारला की विकणाराच आपल्याकडे दयेनं पाहतो. मी कानाशी धरून हलवला, पाणी वाजलं, घेतला. आकारानं जरा लहान होता, पण दहा रुपये कमी पडले. देवीला आकार दिसत नाही, भाव दिसतो, असं एक वाक्य मला तिथंच सुचलं. तेही भाषणात वापरलं.

कलशाचं तोंड नारळापेक्षा किंचित मोठं होतं. पण पानांची जाड गादी मधे आल्यामुळं नारळ ऐटीत बसला. ऑक्टोबरची उष्णता मात्र मी हिशेबात घेतली नव्हती. तिसऱ्या माळेच्या सकाळी पानं सुकून मुरगळली आणि नारळ सरकून थेट कलशाच्या गळ्यात जाऊन बसला. वर दिसत होती फक्त शेंडी. रुद्राच्या जागेवर अतिक्रमण झालं होतं.

बसलेला घट हलवायचा नसतो. त्यामुळं उरलेल्या माळा मी त्या शेंडीवरच सोडत राहिलो. रोज फटीतून पाण्याची धार सोडायची. नारळाचे धागे ते पाणी पिऊन फुगत होते आणि पकड घट्ट होत होती. कुंभातून जन्मलेल्या अगस्तींनी समुद्र प्राशन केल्याची कथाही मी भाषणात रंगवून सांगितली होती. गहू मात्र झकास उगवला. भेटायला येणारे गव्हाचं कौतुक करत, मग कलशाकडे पाहत, मग माझ्याकडे. “तुमच्यात असंच असते काय जी?” एका काकूंनी विचारलं. मी “कुळाचार आहे” म्हणालो. आईनं खुर्चीवरून माझ्याकडे जे पाहिलं, ते शब्दांत येत नाही.

दसऱ्याला घट हलवले आणि मी नारळ काढायला बसलो. शेंडी धरून ओढली. शेंडी हातात आली, नारळ तिथंच. तेवढ्यात शेजारचे काकाजी आले. ते अंबाझरीच्या आयुध कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेत आणि कुठलीही अडकलेली वस्तू हा आपला हक्क मानतात. “धातू गरम झाला की फैलते. गॅसवर धरा,” ते म्हणाले. धरला. तांबं फैललं असेल, पण आतलं पाणी उकळलं, नारळ शिजला आणि घरभर खोबऱ्याचा वास सुटला. “कारखान्यात प्रेस होती,” काकाजी उसासा टाकून म्हणाले आणि सोनं वाटायला निघून गेले.

मग कलश पिशवीत घालून मी रोडवरच्या एका गॅरेजात गेलो. तिथं सगळी हत्यारं सतरंजीवर मांडलेली होती. पाने, जॅक, हातोडे, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. मेस्त्री म्हणाला, “भौ, आज हत्याराले हात नाही लावत. पूजा झाली.” कलशाची पूजा झालेली, हत्यारांचीही झालेली, आणि मधे मी पिशवी घेऊन उभा. पूजेचा अर्थ समजावण्याची मला सवय आहे, पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. मेस्त्रीनं कलश फिरवून पाहिला, बोटानं नारळाचे तीन डोळे चाचपले. “यातला एकच नरम असते,” तो म्हणाला. त्या डोळ्यात त्यानं लांब स्क्रू पिळला, कलशाच्या काठावर फडकं ठेवलं आणि त्यावर बेअरिंग काढायच्या पुलरचे पाय टेकवले. मग पान्यानं हळूहळू आवळू लागला. कलश कण्हला. आजोबांच्या नावाशी एक पोचा पडला. मग ‘फट्’ असा आवाज झाला, नारळ बाहेर आला आणि मागोमाग स्क्रूच्या भोकातून माझ्या शर्टावर उकळलेल्या नारळपाण्याची चिळकांडी.

“एवढा लहान नारळ घेतलाच काऊन?” मेस्त्रीनं विचारलं. हेच आईनंही विचारलं होतं, फक्त तिनं रोज विचारलं होतं.

पैसे घ्यायला तो तयार होईना. “देवीचं काम हाये.” कलशातलं पाणी घरात शिंपडून उरलेलं तुळशीला घालायचं असतं, असं मी सांगितलं, तर त्यानं सुकलेलं आंब्याचं पान उचललं, त्या पाण्यात बुडवलं आणि गॅरेजात कधीपासून बंद पडून असलेल्या ट्रकवर चारी बाजूंनी शिंपडलं. मग ड्रायव्हरला म्हणाला, “मार आता सेल्फ.”

ड्रायव्हरनं हात जोडले आणि सेल्फ मारला. ट्रक घुर्र करून गप झाला.

“बॅटरी काढ,” मेस्त्री म्हणाला.