रूळ उखडले, माणसं घसरली

ऐकलंत का? वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना हल्ली शनिवारी घर खायला उठतं म्हणे. कोथिंबिरीची जुडी आणायलाही ज्यांना गाडी काढावी लागायची, तीच माणसं आता पिट्सबर्गहून कंबरलंडपर्यंत सायकल हाणतात. दीडशे मैल! म्हणजे २४० किलोमीटर. पुण्याहून निघून रंकाळ्यावर भेळ खायला जावं, तेवढं. तेही मागे कुणी लागलेलं नसताना, पदरमोड करून, सुट्टी टाकून. याच लोकांनी कॉलेजात पाऊल टाकल्याबरोबर सायकल अडगळीत लोटून स्कूटरसाठी घरात असहकार पुकारला होता ना?

बरं, रस्ता तरी कुठला? नाव भारदस्त, ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज. मूळ मात्र आगगाड्यांनी सोडून दिलेल्या वाटा. त्यातल्या डोंगरातल्या टप्प्यावरून वेस्टर्न मेरीलँड रेल्वेनं १९७५मध्ये काढता पाय घेतला. मग १९८६मध्ये ओहायोपाइलजवळ पहिले नऊ मैल सायकलींना खुले झाले आणि पिट्सबर्गच्या टोकापर्यंतचं काम पुरं व्हायला २०१३ उजाडलं. सत्तावीस वर्षं! आपण उगाच पुण्यातल्या उड्डाणपुलांना नावं ठेवतो.

आणि आव कसला आणतात! ‘डोंगर पार केला’ म्हणे. अहो, केला खरा, पण कुणाच्या जिवावर? पोलादी चाक पोलादी रुळावर घसरतं, आगगाडीला चढ म्हणून सोसत नाही. त्यामुळे जुन्या इंजिनिअरांनी वळसे घेतले, दऱ्यांवर पूल टाकले, डोंगर पोखरले आणि चढ असा पातळ केला, की पिट्सबर्गकडून निघालं तर शंभर फुटांना तो फूटभरसुद्धा येत नाही. कोळशाच्या वाघिणींसाठी केलेल्या सोयीवर आपले काका मांड्या थोपटणार!

त्यातही दोन तट पडलेत. पिट्सबर्गहून निघणारे सव्वाशे मैल कण्हत-कुथत चढतात आणि शेवटचे चोवीस मैल कंबरलंडपर्यंत घरंगळत येतात. कंबरलंडहून निघणारे ते चोवीस मैल आधीच भोगून मोकळे होतात आणि उरलेला जन्म पहिल्या तटाला ‘उताराचे वीर’ म्हणून हिणवतात. जेवणावळीत या दोन तटांना शेजारी बसवायची सोय राहिलेली नाही. तिसऱ्या जातीचे महाभाग तर विचारूच नका. कंबरलंडहून फ्रॉस्टबर्गला हौशी प्रवाशांची जुनी आगगाडी अजून जाते. तिच्यात सायकल चढवायची, आरामात डोंगरावर जायचं आणि उतारावरून पाय न हलवता खाली यायचं. आगगाडीच्या नावानं केलेल्या सायकलवाटेवर आगगाडीनंच जायचं! याला म्हणतात डोकं. (माहिती आतल्या गोटातली आहे. गोट कुणाचा, ते विचारू नये.)

खर्चाचं तर बोलूच नये. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! सायकल एकवेळ परवडली, पण तिच्यावर बसायची ती गादीवाली चड्डी? घोट्यावर बांधायचे दिवे? बाटलीसाठी वेगळा पिंजरा? एका गृहस्थांनी गावी वडिलांना व्हिडिओ कॉलवर नवी सायकल दाखवली. वडील बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, “मडगार्ड चोरीला गेलं का रे? आणि स्टँड? कॅरिअर?” मुलानं किंमत सांगितली, तेव्हा नेटवर्क गेलं. निदान वडील तरी तसं म्हणाले. पण म्हाताऱ्याचं खोटं होतं का? वाटेवर चुनखडीची बारीक खडी अंथरलेली आहे. पावसाची एक सर आली, की बिनमडगार्डवाल्याच्या पाठीवर मानेपर्यंत पांढरट पट्टा उमटतो. त्या पट्ट्याचेही फोटो काढतात हो! धुवायला जीव होत नाही त्यांचा.

सगळ्यात मोठं ढोंग कुठलं म्हणाल तर ते शांततेचं. ‘झाडं, नदी आणि आपण. बाकी काही नाही.’ असं म्हणणारा माणूस त्या ‘काही नाही’वर सलग पाऊण तास बोलतो. नदीचं नाव यॉकगेनी, आणि परत आलेला प्रत्येक जण ते लाडानं ‘यॉक’ असं घेतो, जणू आजोळ तिथलंच. मग तो २,३९२ फुटांवरचा जलविभाजक. कंबरलंडकडचा थेंब अटलांटिकला, पिट्सबर्गकडचा मेक्सिकोच्या आखाताला. तिथं पाटीला टेकून फोटो काढल्याशिवाय पुढे सरकलेला मराठी माणूस अजून जन्मायचाय. पुढे बिग सॅव्हेजचा बोगदा, ३,२९४ फूट लांब. उन्हाळ्यातही आत गारठा, म्हणून काकू माळ्यावरची कानटोपी घेऊन जातात. हे नाव रानटीपणावरून नव्हे बरं का, सॅव्हेज आडनावाच्या एका मोजणीदारावरून पडलं. त्याची टोळी या डोंगरात उपाशी अडकली, तेव्हा ‘मलाच खा’ म्हणाला, अशी आख्यायिका आहे. आपल्या टोळीवर अशी वेळ येणं शक्य आहे का? प्रत्येकाच्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याचे लाडू, वर चटणीची पुडी. डोंगरातली हरणंसुद्धा आता लसणीच्या वासानं ओळखतात, कोण आलंय ते.

आणि बाटलेले तरी किती! ज्या वहिनी ‘गुडघ्यांचं वाटोळं करून घेणार’ म्हणून कडाकडा बोटं मोडत होत्या, त्या परवा बॅटरीच्या सायकलवर दिसल्या. ‘ह्यांना सोबत म्हणून’ आल्या होत्या. हे दोन मैल मागे होते. पथ्यपाण्यावरून जगाला झोडणारे एक डॉक्टर ओहायोपाइलला दुपारी आइस्क्रीमच्या रांगेत सापडले. दुसऱ्यांदा.

अशा लोकांना काय म्हणावं? आपण आपले बरे. हसावं, नाक मुरडावं, चहा प्यावा. हिवाळ्यात त्या बोगद्याला दारं लावून कुलूप ठोकतात, तेव्हा तरी चार महिने या गप्पा थांबतील म्हणावं, तर नाही. एप्रिलमध्ये दारं नक्की कोणत्या दिवशी उघडणार, यावर आत्तापासून खल चाललाय. आपल्याला काय करायचंय? पण एवढी चौकशी निघालीच आहे म्हणून विचारते, ती गादीवाली चड्डी नेहमीच्या मापाची घ्यावी, की एक माप मोठी?