काका आणि कानस

आमच्या गायनवर्गात तंबोरे चार, शिष्या अकरा आणि काका एक. काका गात नाहीत, काकू गातात. काका त्यांना सोडायला म्हणून येतात आणि तंबोऱ्यांची तब्येत विचारत बसतात. नोकरीभर ते एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथली यंत्रं सुटली आणि आमचे तंबोरे सापडले.

त्यांच्या कापडी पिशवीत पॉलिश पेपरचे तुकडे, सरसाची बाटली, खडू, काडेपेटीत गुंडाळलेले दोरे आणि एक कानस असते. ‘‘एवढ्याशा कामाला मिरजेला कशाला जायचं?’’ हे वाक्य पिशवीबरोबरच बाहेर पडतं.

खडूपर्यंत सगळं ठीक होतं. खुंटी सरकायला लागली की तिला खडू फासून घट्ट बसवायची, ही जुनीच युक्ती. भोपळ्याला केसासारखी चीर गेली होती, तीही काकांनी भुसा नि सरस भरून अशी बुजवली की शोधून सापडू नये. (कौतुक इथेच करून घेते; पुढे संधी नाही.)

मग जोडाची एक खुंटी पिळताना कुरकुरली. कारखान्यात काही कुरकुरलं की तेल. काकांनी शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि खुंटीची तक्रार कायमची मिटली. गुरुपौर्णिमेला बाईंनी डोळे मिटून षड्ज लावला. ती तार बोटभर उतरली, पुन्हा लावली, पुन्हा उतरली. विलंबित संपेपर्यंत निषादापाशी जाऊन टेकली. ‘‘बाई आज चढतायत,’’ काका शेजाऱ्याच्या कानात म्हणाले.

खरा घात घोडीने केला. म्हणजे काकांनी घोडीचा केला. एका रविवारी त्यांनी तिच्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली, डोळा बारीक केला आणि जाहीर केलं, ‘‘मध्ये फुगीर आहे. सदोष माल!’’ आता तंबोऱ्याचा सगळा जीव त्या फुगीरपणातच. त्या हलक्या उतारावर तार टेकते-न टेकतेशी थरथरते. खालचा दोरा केसभर सरकवून नेमकी जागा साधली की जवारी बोलते, आणि कुणी न छेडलेला गंधारही खर्जातून ऐकू यायला लागतो. काकांनी दोन रविवार खपून घोडी सपाट केली. इतकी, की वर गोटी ठेवली तर जागची हलू नये. तंबोरा टण् टण् वाजू लागला. ‘‘आवाज कसा स्वच्छ झाला!’’ काका म्हणाले.

त्यानंतर दोरे बदलून पाहिले. शिवणाचा, रेशमी, शेवटी काकूंच्या गजऱ्याचा. मग दोन मांजरांना लोणी वाटणाऱ्या माकडाच्या न्यायाने एकीकडे जास्त घासलं म्हणून दुसरीकडे, दुसरीकडे म्हणून पुन्हा पहिलीकडे. घोडीचा पापड झाला.

अखेर तंबोरा आणि काका, दोघांनाही मिरजेला न्यावं लागलं. कोयना एक्सप्रेसमध्ये तंबोरा खिडकीशी बसला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, एकोणिसाव्या शतकात हत्यारं सोडून सतारीकडे वळले. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही सगळी माहिती वाटेत काकांनीच दिली. माहितीत माणूस कधीच कमी पडला नाही.

कारागिराने तंबोरा मांडीवर घेतला, घोडीवरून बोट फिरवलं, खुंटी काढून हुंगली.

‘‘तेल कुणी घातलं?’’

‘‘आहे एक आमच्याकडे,’’ काका गंभीरपणे म्हणाले. ‘‘सांगून ऐकत नाही.’’

नवी घोडी बसली. जवारी काढायला चांगला वेळ गेला. चार हात घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा दोन हात. काका उकिडवे बसून पापणी न लववता बघत होते. अचानक तंबोरा बोलला. दुकानभर गुंजला. मी काकांकडे पाहिलं. त्यांची नजर तंबोऱ्यावर नव्हतीच.

‘‘ही कानस कुठं मिळते हो?’’ त्यांनी विचारलं.

कारागिराने कानस उचलली आणि मांडीखाली सरकवली.