फॅक्टरी हरिश्चंद्राची, तारखा जालन्याच्या

कारखान्यात घडणाऱ्या विनोदी चित्रपटाला चार गोष्टी लागतात : भांडवल नसलेला मालक, पगाराची वाट पाहणारे कामगार, ऐनवेळी बंद पडणारे यंत्र आणि कधीच वेळेवर न येणारे पेमेंट. मराठीत या जातीचा उत्तम नमुना म्हणजे परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009). नंदू माधव यांनी त्यात दादासाहेब फाळके आणि विभावरी देशपांडे यांनी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उभ्या केल्या. 'श्वास'नंतर भारतातर्फे ऑस्करला गेलेला हा दुसरा मराठी चित्रपट. भारतीय चित्रपटाच्या जनकाची गोष्ट म्हणून तो पाहिला जातो. प्रत्यक्षात ती भागीदाराशी बिनसलेल्या एका छापखानेवाल्याच्या नव्या धंद्याची गोष्ट आहे. त्यामुळे तिचा अभ्यास चित्रपटाच्या शाळेत होण्यापेक्षा जालन्याच्या एमआयडीसीत होणे जास्त उपयोगाचे आहे.

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला, पण गावातला धंदा जिल्ह्यापेक्षा फार जुना. 'जालना, सोने का पालना' ही म्हण आजही कौतुकाने सांगितली जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महिको स्थापन केली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. भंगार वितळवून बिलेट आणि बिलेटपासून सळई बनवणाऱ्या कारखान्यांमुळे ते पोलादाचेही झाले. भाषणांत या दोन गोष्टींचा उल्लेख असतो. पाळण्याची दोरी ज्यांच्या हातात असते त्यांचा नसतो. ही माणसे म्हणजे मिलचे रोल लेथवर टर्न करून देणारा, शेड उभी करणारा फॅब्रिकेटर, बियाण्यांच्या पिशव्या छापणारा, दोन पोरांवर डाळमिल चालवणारा. शासनाच्या भाषेत हे सारे सूक्ष्म आणि लघु उद्योजक.

या शब्दांची व्याख्या सरकार अधूनमधून बदलते. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो; 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंतचा लघु. म्हणजे 99 कोटींची उलाढाल करणारे शेठजी आणि त्यांना वेल्डिंग करून देणारा माणूस एकाच कायद्याच्या सावलीत उभे राहतात. व्याख्या बदलली त्या रात्री अनेक मध्यम उद्योग झोपेत लघु झाले. वेल्डर जिथे होता तिथेच राहिला.

धंद्याची सुरुवात भांडवलापासून होते. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, 1912 मध्ये लंडन गाठले आणि कॅमेरा आणला. पुढचे पैसे उभे करण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या कोंबाची वाढ दिवसेंदिवस टिपून एक छोटा चित्रपट बनवला. मिनिटाभरात वेल वाढताना पाहून पैसेवाल्याची खात्री पटली. जालन्यातला उद्योजक हेच काम प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये करतो. कोंब तोच, फक्त तो एक्सेलमध्ये उगवतो आणि पाचव्या वर्षापर्यंत एकदाही सुकत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंत तारणाशिवाय कर्ज द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. शाखेत त्याचे पालन काटेकोर होते. तारण मागितले जात नाही. "गावाकडं एखादा प्लॉट-बिट असेल तर आणा, फाईल जरा वजनदार होते" इतकेच सुचवले जाते.

दुसरा घटक मनुष्यबळ. 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांना बाई मिळेना, तेव्हा त्यांनी खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके यांना 15 रुपये महिन्यावर नेमले. स्त्रीभूमिकेतल्या पुरुषांनी साड्या नेसून तांदूळ निवडावेत, अशी त्यांची तालीम होती. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवतील, म्हणून नटांनी 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी' असे सांगायचे ठरले. जालन्याच्या शेडमधले नाट्य वेगळ्या कारणाने चालते. कर्मचारी राज्य विमा योजना 10 कामगारांपासून लागू होते आणि भविष्य निर्वाह निधी 20 कामगारांपासून. त्यामुळे कित्येक शेडमध्ये कामगारांची संख्या वर्षानुवर्षे 9 किंवा 19 वर स्थिर आढळते. दहावा माणूस मालकाचा मेहुणा असतो. तो सहज भेटायला आलेला असतो आणि येताना हातमोजे घालून येतो. छठपूजेला बिहारचे कामगार गावी गेले की मालक स्वतःच वेल्डर, हमाल, ड्रायव्हर आणि वॉचमन होतो. एका नटाच्या चार भूमिका पाहायला सिनेमात तिकीट पडते. येथे तो खेळ फुकट.

सरस्वतीबाईंचा भाग स्वतंत्र नोंद मागतो. त्यांनी दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मवर प्रक्रिया करण्यातही हात लावला. कंपनीच्या कागदावर मात्र त्या कोठेच नव्हत्या. शंभर वर्षांत ही चूक दुरुस्त झाली आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण पुरुषाला शहरात प्रकल्पाच्या 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळते. महिलेला 25 आणि 35 टक्के. हे अनुदान आल्यापासून पाटीवर प्रोप्रायटर म्हणून वहिनींचे नाव दिसू लागले. सह्या त्या करतात, निर्णय भाऊ घेतात आणि नोटीस आली की घरात अचानक स्त्री-पुरुष समानता नांदते.

तपासणीचा प्रसंग या प्रकारच्या चित्रपटात हमखास असतो. बाहेरगावी चित्रीकरण चालू असताना तलवारधारी नट पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि मंडळी फौजदारापुढे गेली. फाळक्यांनी कॅमेऱ्यात फिल्म न भरताच फौजदारासमोर एक प्रसंग चित्रित करून दाखवला. साहेबांचे समाधान झाले आणि फिल्मही वाचली. आजही पाहणीला साहेब येणार म्हटले की शेडमध्ये हेल्मेट निघतात, आग विझवण्याच्या नळकांड्यावरची धूळ पुसली जाते, नोंदवह्या एका बैठकीत एकाच पेनाने भरून होतात आणि सर्व यंत्रे फिल्म न भरता चालतात.

विजेच्या बाबतीत मात्र फाळके सुदैवी होते. त्यांची फॅक्टरी उन्हावर चालली आणि सूर्याने कधी बिल पाठवले नाही. जालन्यातही ऊन कमी नाही. तरी लेथ आणि भट्टी विजेवर चालतात आणि बिलात स्थिर आकार असतो. यंत्र चालो वा बंद राहो, तो द्यावाच लागतो. संपूर्ण साखळीत स्थिर म्हणता येईल अशी ही एकमेव गोष्ट.

येथून विषय मुख्य मुद्द्याकडे येतो. विनोदात टायमिंगला महत्त्व असते, असे नट सांगतात. लघुउद्योगात तेच सर्वस्व असते. कामगाराची उचल शनिवारी. कच्चा माल रोखीत, गाडी उतरण्याआधी. जीएसटी साधारण पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला, बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. हप्ता 90 दिवस थकला की खाते एनपीए. प्रत्येकाची तारीख ठरलेली आहे. गिऱ्हाईकाची तेवढी ठरलेली नाही. त्याच्याकडे फक्त सोमवार असतो. "सोमवारी बघू." सोमवारी साहेब मीटिंगमध्ये असतात, मंगळवारी सही राहते, बुधवारी अकाउंटंट रजेवर जातो.

कायद्याला हे माहीत आहे. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तरतूद इतकी कडक आहे की ती वापरण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. 2017 मध्ये तक्रारीसाठी 'समाधान' पोर्टल आले. तक्रार ऐकणाऱ्या सुविधा परिषदेने 90 दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. तक्रार केल्यावर व्याज मिळण्याची शक्यता असते, पुढची ऑर्डर न मिळण्याची खात्री असते. मग प्राप्तिकर कायद्यात बदल झाला : वेळेत पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाही. यावर काही खरेदीदारांनी शोधलेला उपाय असा, की उद्यम नोंदणी रद्द कर, मग ऑर्डर घे. औषध कडू लागले म्हणून रोग्याचेच नाव केसपेपरवरून खोडले गेले.

सरकारने वसुलीची सोय मात्र केली आहे. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना ते मुंबई वंदे भारत धावू लागली. आता लघुउद्योजक थकलेले बिल मागायला सकाळी निघून दुपारपर्यंत मुंबईत पोहोचू शकतो आणि पूर्वी दोन दिवसांनी मिळणारा नकार त्याच दिवशी घेऊन परतू शकतो. डिसेंबर 2015 मध्ये जालन्याच्या ड्रायपोर्टचे भूमिपूजन झाले. त्यानंतरची बरीच वर्षे 'लवकरच' या एका शब्दावर गेली. पेमेंटच्या बाबतीत हा शब्द जालन्यात आधीच रूढ होता.

फाळक्यांची फॅक्टरी चालली ती का, याचे उत्तर आता सोपे होते. 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. सुरतेत पहिल्या खेळाला अवघे 3 रुपये जमले, तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली : 57,000 छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली. जाहिरातीचे कौतुक सगळे करतात, पण खरी करामत त्या तीन आण्यांत होती. ते रोख होते आणि खेळ पाहण्याआधी खिडकीवर द्यावे लागत. चित्र पाहून झाल्यावर "सोमवारी बघू" म्हणण्याची सोय प्रेक्षकाला नव्हती. पुढे 1918 मध्ये पैसेवाले भागीदार घेऊन हिंदुस्थान कंपनी निघाली, मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडले. 1944 मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा ते विपन्नावस्थेत होते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार 1969 मध्ये सुरू झाला. देशाने लघुउद्योजकाचे देणे चुकते करायला लावलेला हा काळ 25 वर्षांचा आहे आणि त्यावर चक्रवाढ व्याज धरलेले नाही.

जालन्यातल्या उद्योजकाची अपेक्षा याहून लहान आहे. त्याला पुरस्कार नको, शाल-श्रीफळ नको, जागतिक लघुउद्योग दिनाचा कार्यक्रमही नको. मागच्या पावसाळ्यात पोहोचवलेल्या मालाचे बिल हवे आहे. खरेदी विभागातल्या साहेबांनी ते 45 दिवसांच्या आत मंजूर करावे. कॅलेंडरात सोमवारखेरीज आणखी सहा वार आहेत.